दोन-तृतीयांश झाले की काहीही चालते का?

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा विद्यालयाच्या वाटचालीवर लिहावे, असे प्रथम मनात आले. परंतु ती वाटचाल माझ्याहून अधिक अधिकाराने सांगणारी माणसे या अंकात आहेत. मी इतिहासाचा शिक्षक. गेली सत्तावीस वर्षे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवीत आलो. म्हणून या वास्तूत एका सातवीतल्या मुलाने मला विचारलेल्या एका प्रश्नाविषयीच लिहितो. तो प्रश्न त्याने विचारला वसतिगृहाच्या पाण्यासंबंधी. उत्तर शोधताना मात्र मला संविधान सभेपासून आमच्या नालासोपाऱ्याच्या चाळीतल्या खोलीपर्यंत जावे लागले.

वसई-विरारमध्ये राहणाऱ्यांना पाण्याची गोष्ट वेगळी सांगायला नको. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या अखेरीस विहिरीने तळ गाठला आणि वसतिगृह टँकरवर आले. माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल, आपल्या वसतिगृहात मुलांची सभा असते. दरवर्षी २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, ती नव्याने निवडली जाते. तिची नियमांची वही आहे, आणि उपस्थितांपैकी दोन-तृतीयांश मुलांनी हात वर केले तरच त्या वहीतला नियम बदलतो. त्या सभेत दहावीच्या मुलांनी ठराव मांडला : परीक्षा जवळ आली आहे, सकाळचा वेळ मोलाचा आहे, तेव्हा नववी-दहावीच्या मुलांनी आधी आंघोळ करावी आणि पाचवी ते सातवीच्या मुलांनी उरलेल्या पाण्यात भागवावे. सभेला ९६ मुले होती. ७१ हात वर झाले. चौसष्ट पुरेसे होते. मी मागच्या बाकावर निरीक्षक म्हणून बसलो होतो. पद्धत बिनचूक पाळली गेली, याचे मला समाधानही वाटले, हे आज कबूल केले पाहिजे.

पुढचे तीन दिवस लहान मुले आंघोळीवाचून वंदनेला आली. चौथ्या दिवशी वंदना संपल्यावर सातवीतला एक मुलगा माझ्यापाशी थांबला. तक्रारीचा सूर नव्हता. त्याने सरळ विचारले, "सर, दोन-तृतीयांश झाले की काहीही चालते का?"

"उद्या तासाला बोलू," असे म्हणून मी वेळ मारून नेली. ज्या समाजाने २० मार्च १९२७ रोजी महाडला एका तळ्याच्या पाण्यासाठी माणुसकीचा लढा दिला, त्या समाजाच्या शाळेत पाण्याची रांग वयाने ठरविली गेली होती, आणि ती माझ्या देखत, नियमानुसार ठरली होती. त्या रात्री मी पुस्तके काढून बसलो.

आपल्या संविधानातील अनुच्छेद ३६८ दुरुस्तीची रीत सांगतो. संसदेच्या प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत हवे, शिवाय उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन-तृतीयांश मते हवीत. लोकसभेच्या ५४३ जागा धरल्या तर किमान २७२ सदस्य ठरावाच्या बाजूने उभे राहिलेच पाहिजेत. रिकाम्या सभागृहात मूठभरांनी संविधान बदलू नये, यासाठी ही दुहेरी अट आहे. राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र-राज्यांतील अधिकारांची वाटणी, राज्यांचे संसदेतील प्रतिनिधित्व, सर्वोच्च आणि उच्च न्यायालये, आणि खुद्द अनुच्छेद ३६८ यांना हात लावायचा असेल तर त्यापुढे किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. तिसरे एक दार आहे, ते ३६८ च्या बाहेरचे. काही गोष्टी संसद साध्या कायद्याने, साध्या बहुमताने बदलू शकते. नवे राज्य निर्माण करणे त्यांपैकीच. १ मे १९६० चा आपला महाराष्ट्र अशाच साध्या कायद्याने झाला. या तिसऱ्या दाराची आठवण वाचकांनी ठेवावी. पुढे मला त्याच्याशी काम आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत हे तीन वर्ग समजावून सांगितले. पुढे २५ नोव्हेंबरच्या भाषणात त्यांनी अमेरिकेच्या जेफरसनचा दाखला देऊन म्हटले की प्रत्येक पिढी हे जणू स्वतंत्र राष्ट्र असते, मागच्या पिढीला पुढच्या पिढीचे हात बांधण्याचा हक्क नाही. आपण या संविधानावर अंतिमतेची मोहोर उठविलेली नाही, उलट दुरुस्तीची रीत सुलभ ठेवली आहे, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. अमेरिकेच्या संविधानात सव्वादोनशेहून अधिक वर्षांत २७ दुरुस्त्या झाल्या, आपल्या संविधानात २०२३ पर्यंत १०६. शिल्पकाराने स्वतःच हे दार ठेवले होते.

आपल्या समाजात मात्र 'संविधान बदलणार' हे दोन शब्द ऐकले की काळजाचा ठोका चुकतो. २०२४ च्या निवडणुकीच्या दिवसांत मुलांना भेटायला येणारे पालक फाटकापाशीच मला विचारीत, "सर, खरंच बदलणार का हो?" त्या भीतीला मी हसलो नाही, कारण तिला अनुभव आहे. पण दुरुस्ती आणि बदलणे हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, तिथे आपली फसगत होते. दुरुस्तीचाच द्वेष करू लागलो तर आपल्या हक्काचा मोठा हिस्सा आपल्याच हाताने नाकारल्यासारखे होईल.

पहिलीच घटनादुरुस्ती पाहा. मद्रास राज्यात वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील जागा समाजनिहाय वाटून दिल्या जात. चंपकम दोराईराजन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली ती पद्धत घटनाबाह्य ठरविली. शिक्षणातील राखीव जागांना मूळ संविधानात स्पष्ट आधार नव्हता. तेव्हा त्याच वर्षी पहिली दुरुस्ती होऊन अनुच्छेद १५ मध्ये चौथे कलम आले. बाबासाहेब त्या वेळी कायदामंत्री होते आणि त्यांनी सभागृहात त्या दुरुस्तीचे समर्थन केले. त्याच दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधही वाढविले, हेही विद्यार्थ्यांना सांगायला मी विसरत नाही. एकाच विधेयकात देणे आणि घेणे दोन्ही असू शकते.

दुसरे उदाहरण अनुच्छेद ३३४ चे. 'आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी होते' हे वाक्य प्रत्येक माजी विद्यार्थ्याने कधी ना कधी कचेरीत किंवा विरार लोकलच्या डब्यात ऐकले असेल. ती दहा वर्षांची मुदत लोकसभा आणि विधानसभांतील राखीव जागांपुरती होती. शिक्षण आणि नोकरीतील आरक्षणाला अशी मुदत मूळ संविधानात नाही. विधिमंडळांतील ती मुदत १९५९ पासून दर दहा वर्षांनी घटनादुरुस्ती करून वाढविली गेली. शेवटची वाढ २०१९ च्या १०४ व्या दुरुस्तीने २०३० पर्यंत झाली. प्रतिवाद करायचा तर आधी ही माहिती हाताशी हवी.

इतके वाचून झाल्यावर त्या रात्री मला माझ्या वडिलांची आठवण झाली.

वडील मूळचे माणगावकडचे, मुंबईत कापड गिरणीत कामाला. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या पार्थिवासमोर लाखाहून अधिक लोकांनी धम्मदीक्षा घेतली, त्या गर्दीत ते होते. त्यानंतर त्यांनी प्रत्येक कागदावर 'बौद्ध' लिहिले. शाळेत आमची नावे घालताना, जनगणनेच्या माणसाला सांगताना, शिधापत्रिकेच्या अर्जावर, सगळीकडे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात मात्र अशी तरतूद होती की हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ मध्ये तिथे शिखांचा समावेश झाला. आपला झाला नाही. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर राज्य सरकारने नवबौद्धांना सवलती दिल्या, त्यामुळे शिक्षण निभावले. केंद्राच्या नोकऱ्यांतील राखीव जागांचे दार मात्र बंद राहिले.

माझा थोरला भाऊ माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. आम्ही त्याला दादा म्हणतो. १९८१ साली तो केंद्र सरकारच्या एका खात्याच्या लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाला. दाखले तपासताना तिथल्या कारकुनाने 'बौद्ध' शब्दावर बोट ठेवले आणि आवाज खाली आणून सल्ला दिला की दुसरा दाखला आणा, 'हिंदू महार' लिहिलेला, अनेकजण आणतात. खरोखरच अनेकजण आणत होते. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. घरात चूल पेटायची असते.

दादाने त्या रात्री वडिलांपुढे गोष्ट काढली. मी अकरा वर्षांचा होतो, अंथरुणात जागा होतो. वडील बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "चितेपुढं हात जोडून जे टाकून आलो, ते नोकरीसाठी परत उचलू? मग मी तिथं गेलो होतो कशाला?"

दादा म्हणाला, "बाबा, शब्द तुम्ही दिला होता. नोकरी माझी जाते आहे."

या दोन वाक्यांपैकी कोणते खरे, हे मला आजही ठरविता आलेले नाही. दोघेही खरे बोलत होते, आणि दोघांना एकमेकांसमोर उभे करणारा होता तो एका आदेशातला एक परिच्छेद. दाखला बदलला नाही. नोकरी गेली. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९८२ मध्ये, गिरण्यांचा संप सुरू झाला आणि वडिलांचेही काम सुटले. दादा वसईच्या एका औद्योगिक वसाहतीत यंत्रावर उभा राहिला, तो पुढे सव्वीस वर्षे. त्या वर्षांत बापलेक एका ताटाला बसत, पण त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत.

ही मागणी कोणी केलीच नव्हती असे नाही. १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचा सत्याग्रह केला. त्याच्या मागणीपत्रात बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाव्यात हे होते, आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे हेही होते. या दोन्ही मागण्या पूर्ण झाल्या त्या १९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारच्या काळात. त्या वर्षी १९५० च्या आदेशात 'बौद्ध' हा शब्द घातला गेला. धम्मदीक्षेनंतर ३४ वर्षांनी.

इथे त्या तिसऱ्या दाराची आठवण करून देतो. विद्यार्थीदशेत मी समजून होतो की इतका मोठा बदल म्हणजे घटनादुरुस्तीच झाली असणार. एम.ए.च्या वर्षांत मूळ कागद पाहिला तेव्हा कळले की तो साधा कायदा होता. अनुसूचित जातींच्या यादीत कोणाला घ्यावे वा वगळावे, हे अनुच्छेद ३४१ नुसार संसद साध्या कायद्याने ठरवू शकते. दोन-तृतीयांशाची गरज नव्हती, राज्यांच्या संमतीची गरज नव्हती. चौतीस वर्षे आम्ही ज्या दारावर थापा मारीत होतो, ते अर्ध्याहून एक मत अधिक मिळाले असते तरी उघडणारे होते. त्याच चौतीस वर्षांत संसदेने पन्नासांहून अधिक वेळा संविधानात दुरुस्ती केली. अडचण रीतीची नव्हती. ज्यांना ते दार उघडायला हवे होते त्यांच्याकडे मते नव्हती, आणि ज्यांच्याकडे मते होती त्यांना घाई नव्हती.

कायदा झाला तेव्हा दादा ३३ वर्षांचा होता. भरतीची वयोमर्यादा उलटली होती. वडिलांनी बातमी ऐकली आणि म्हणाले, "झालं एकदाचं." दादा कामावर गेला होता.

म्हणून संविधानात काहीही बदलू नये, असे मी म्हणू शकत नाही. बदल न होण्याची किंमत माझ्या घराने मोजली आहे.

आता प्रश्नाची दुसरी बाजू, त्या मुलाची. दोन-तृतीयांश मते जमली तर संसद काय वाटेल ते करू शकते का? हा प्रश्न या देशाच्या सर्वोच्च न्यायालयात नेमकेपणाने विचारणाऱ्या पहिल्या न्यायमूर्तींमध्ये एक मराठी माणूस होता, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. १९६४ सालच्या सज्जनसिंग प्रकरणात सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी बहुमताचा निर्णय दिला की मूलभूत हक्कांसह संविधानाच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करण्याचा अधिकार संसदेला आहे. त्याच पीठावरील न्या. जनार्दन रघुनाथ मुधोळकर यांनी वेगळी शंका नोंदविली : संविधानाच्या एखाद्या मूलभूत वैशिष्ट्यातच बदल केला तर त्याला दुरुस्ती म्हणायचे, की ते संविधानाचा भाग नव्याने लिहिणे झाले? त्यांनी उत्तर दिले नाही, प्रश्न खुला ठेवला. न्या. हिदायतुल्ला यांनीही त्या निकालात शंका व्यक्त केली होती.

नऊ वर्षांनी, २४ एप्रिल १९७३ रोजी, केशवानंद भारती प्रकरणात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा मतांनी उत्तर दिले. संसद कोणत्याही अनुच्छेदात दुरुस्ती करू शकते, परंतु संविधानाची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. तेरा जणांत एका मताचा फरक. न्या. यशवंतराव चंद्रचूड त्या वेळी अल्पमतात होते. संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला अशी मर्यादा नाही, असे त्यांचे मत होते. त्यानंतर आणीबाणी आली. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने अनुच्छेद ३६८ मध्येच कलमे घालून संसदेच्या या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही आणि कोणत्याही न्यायालयात त्याला आव्हान देता येणार नाही, असे लिहून टाकले. उद्देशिकेत 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द आले तेही याच दुरुस्तीने. लोकसभेची मुदत तिने पाचाची सहा वर्षे केली, ती ४४ व्या दुरुस्तीने पुन्हा पाच झाली. पुढे १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स प्रकरणात ३६८ मधील ती कलमे न्यायालयाने रद्द केली, आणि तो निर्णय लिहिला सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी. सात वर्षांपूर्वी जी मर्यादा त्यांना मान्य नव्हती, तिचेच त्यांनी रक्षण केले. संविधानाने दिलेला मर्यादित अधिकार वापरून तोच अधिकार अमर्याद करून घेता येत नाही, असा त्या निर्णयाचा गाभा आहे.

हे वाचताना मला तथागतांच्या अखेरच्या दिवसांतील प्रसंग आठवला. महापरिनिब्बान सुत्तात भगवान आनंदाला सांगतात की माझ्यानंतर संघाला वाटल्यास क्षुद्र आणि अनुक्षुद्र नियम त्याने रद्द करावेत. ही मोकळीक मोठी आहे. शास्त्याने स्वतःच्या नियमांना दुरुस्तीचे दार ठेवले. परंतु क्षुद्र नियम कोणते, हे आनंदाने विचारून घेतले नाही. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत त्यावर मतभेद झाले. कोणी म्हणाले, चार पाराजिक सोडून बाकी सगळे क्षुद्र. कोणी आणखी काही नियम राखून ठेवले. एकमत होईना, तेव्हा महाकश्यपांच्या सूचनेवरून संघाने सर्वच नियम तसेच ठेवले. तेरा न्यायमूर्तींनीही मूलभूत चौकटीची एकच, सर्वमान्य यादी दिलेली नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भिक्खूंना आणि १९७३ च्या न्यायमूर्तींना एकच गोष्ट मात्र मान्य होती : काही बदलता येते, काही बदलता येत नाही, आणि दोन्हींतला भेद ओळखण्याची जबाबदारी टाळता येत नाही.

आपण ज्या भूमीवर राहतो तिथेही याची साक्ष आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, त्याच वर्षी तिथल्या स्तूपाचे उत्खनन झाले. नवव्या लेखाचा तुकडा मिळाला वसईजवळच्या भुईगावात, १९५६ साली, आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी. दरवर्षी सहल घेऊन मी मुलांना सोपाऱ्याच्या स्तूपाशी नेतो. 'दगडावरची रेघ' म्हणजे कधी न बदलणारी गोष्ट, असे आपण म्हणतो. पण त्या आठव्या लेखात काय कोरले आहे? पूर्वीचे राजे शिकारीच्या सहली काढीत, आता राजा धम्मयात्रेला निघतो. म्हणजे दगडावर कोरला गेला आहे तो एक बदलच.

बाबासाहेबांचे एक विधान अनेकजण अर्धेच सांगतात. २ सप्टेंबर १९५३ रोजी राज्यसभेत ते उद्वेगाने म्हणाले होते की हे संविधान जाळणारा पहिला माणूस मी असेन. १९५५ च्या मार्चमध्ये, चौथ्या घटनादुरुस्तीच्या चर्चेत, त्यांना त्याविषयी छेडले गेले. तेव्हा त्यांनी खुलासा केला की देवासाठी मंदिर बांधले आणि देव स्थापन होण्यापूर्वीच त्यात सैतान येऊन बसला, तर मंदिर पाडण्यावाचून काय उरते? त्यांचा राग कागदावर नव्हता. अल्पसंख्यांकांच्या संरक्षणासाठी बांधलेल्या घरात बहुसंख्यांची मनमानी येऊन बसू नये, ही त्यांची चिंता होती.

तशीच दुसरी चिंता चांगल्या दुरुस्तीच्या वाट्याला येते. ती मंजूर होते आणि अंमलात येत नाही. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. नगरपालिका आणि महापालिका यांची मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे ती सांगते. महिलांना एक-तृतीयांश जागा आणि अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा तिनेच दिल्या. आपली वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि परिसरातील गावे मिळून झाली. तिच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२० च्या जूनमध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे होता. संविधानातील एक अक्षरही कोणी बदलले नव्हते. तरीही पाण्याची तक्रार घेऊन ज्याच्या दारात जावे असा प्रभागाचा नगरसेवक नव्हता. संविधान न बदलताही निरुपयोगी करता येते, हे आपण आपल्याच शहरात पाहिले आहे.

दुसऱ्या दिवशी मी सातवीच्याच वर्गावर नव्हे, तर पूर्ण सभेपुढे बोललो. पाण्याविषयी एक शब्द काढला नाही. न्या. मुधोळकरांचा प्रश्न सांगितला, आनंदाने न विचारलेला प्रश्न सांगितला, आणि माझ्या भावाची गोष्ट सांगितली. शेवटी एवढेच म्हणालो की ज्या २५ मुलांचे हात वर झाले नाहीत, त्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याचे पाणी त्या ठरावाने घेतले होते. ज्याचे जाते तोच मतदानात कमी असतो, तेव्हा मोजणी बरोबर असूनही ठराव चुकू शकतो.

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ज्या दहावीच्या मुलाने मूळ ठराव मांडला होता, तोच उभा राहिला. त्याने दोन सूचना मांडल्या. आंघोळीची पाळी दर आठवड्याला फिरती ठेवावी. परीक्षेच्या काळात दहावीला सवलत हवी असेल तर ती लहान मुलांशी बोलून घ्यावी. आणि वहीच्या पहिल्या पानावर एक नियम लिहावा : पाणी, अन्न आणि झोपण्याची जागा यांत कोणाही मुलाचा वाटा कोणत्याही बहुमताने कमी करता येणार नाही. या वेळी हात मोजावे लागले नाहीत.

ते पान आजही वहीत आहे. अक्षर त्याच मुलाचे आहे.

सभा संपल्यावर सातवीतला तो मुलगा पुन्हा माझ्यापाशी आला. "सर, आणि पुढे कोणी हे पानच फाडले तर?"

या वेळी मी उद्यावर ढकलले नाही. "तर तू परवा वंदनेनंतर थांबलास, तसे कोणीतरी थांबून विचारले पाहिजे," मी म्हणालो. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात संवैधानिक नीतिमत्तेविषयी सांगितले होते की ती उपजत नसते, ती जोपासावी लागते. ती कशी जोपासायची, हे मला पुस्तकांपेक्षा त्या मुलाच्या दोन प्रश्नांनी अधिक शिकविले.

दादाची मुलगी २०१२ साली केंद्र सरकारच्या सेवेत रुजू झाली. तिच्या दाखल्यावर तोच शब्द होता, जो वडिलांनी बदलू दिला नव्हता. नेमणुकीचे पत्र आले त्या दिवशी दादाने ते वडिलांच्या तसबिरीपुढे ठेवले. बराच वेळ तो तिथे उभा होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "म्हातारा बरोबर होता. पण मीही चुकलो नव्हतो." मी मान हलविली.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना विनंती आहे. पुढच्या २६ नोव्हेंबरला विद्यालयात या. उद्देशिकेच्या वाचनानंतर मुलांची सभा भरते, तिला बसा आणि ती वही पाहा. तिच्यात गेल्या अनेक वर्षांतल्या दुरुस्त्या आहेत, खोडलेल्या ओळी आहेत, समासात लिहिलेल्या तारखा आहेत. नव्या मुलांनी आणखी दुरुस्त्या कराव्यात, अशीच माझी इच्छा आहे. पहिले पान मात्र त्यांनी दरवर्षी मोठ्याने वाचावे.

जय भीम.